विल्यम्सबर्गचं टोपांचं दुकान आणि चार्लटनची उधारीची वही

मी ३१ वर्षं टोप बनवतेय. ‘विग’ हा शब्द आमच्यात उशिरा आला, नाटकवाल्यांच्या तोंडी टोपच. सासऱ्यांच्या हाताखाली शिकले आणि अजून त्यांच्याच लाकडी डोक्यांवर काम करते. त्यामुळे कुठेही टोप दिसला की मी आधी तो उलटा करते. बाहेरून सगळेच टोप देखणे असतात. काम येतं की नाही ते आतून कळतं.

ऑक्टोबरात मुलाकडे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला होते. मुलाचा बेत मला एका मोठ्या खेळनगरीत न्यायचा होता, तिथे उलटेपालटे करणारे पाळणे आहेत म्हणे. माझ्या गुडघ्यांकडे बघून सुनेने तो बेत मोडला आणि म्हणाली, “आई, विल्यम्सबर्गला टोपवाल्याचं जुनं दुकान आहे. आत माणसं बसून खरंच टोप करतात.” मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गाडीत. तासाभराचा रस्ता. पुढचं सगळं त्या दुकानाबद्दल आहे, आणि दुकानापेक्षा जास्त तिथे कळलेल्या एका जुन्या हिशेबाच्या वहीबद्दल.

गावाची ओळख दोन ओळींत करून देते. १६९९ पासून १७८० पर्यंत व्हर्जिनियाची, म्हणजे आधी इंग्रजांची वसाहत असलेल्या या राज्याची, राजधानी इथे होती. मग ती रिचमंडला हलली आणि विल्यम्सबर्ग झोपलं ते जवळजवळ दीडशे वर्षं. १९२६ पासून गुडविन नावाच्या पाद्र्याच्या खटपटीने आणि तेलसम्राटाच्या मुलाच्या, धाकट्या रॉकफेलरच्या पैशाने जुनी घरं दुरुस्त झाली, पडलेली पुन्हा उभी राहिली. मुख्य रस्ता ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट. त्यावर फिरायला पैसे पडत नाहीत, दुकानांच्या आत जायला मात्र तिकीट काढावं लागतं. तिकीट स्वस्त नाही. मी आकडा विचारला नाही आणि मुलाने सांगितला नाही, यातच समजा.

दुकान लहानसं आहे. खिडकीचा उजेड टेबलावर पडेल अशी बैठक, हे बघूनच जीवाला बरं वाटलं, कारण हे काम दिव्याखाली करणाऱ्याचे डोळे दहा वर्षांत जातात. फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली. त्या काळचे झगे आणि डोक्याला पांढऱ्या टोप्या घातलेल्या दोघी जणी कामात होत्या. बोलत होत्या, पण हात थांबत नव्हते. आत शिरताना मला वाटलं होतं की देखाव्यासाठी कुणीतरी कंगवा फिरवत बसलं असेल. तसं नव्हतं.

टेबलावर दोन काठ्या उभ्या रोवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये तीन रेशमी दोरे तारांसारखे ताणलेले. बाईने चिमटीत मोजके केस घेतले, मुळाकडचं टोक दोऱ्यांच्या खालून-वरून ओवलं, पलीकडून वळवून परत आणलं आणि आधीच्या झुपक्याला खेटेपर्यंत नखाने सरकवलं. पुन्हा चिमूट, पुन्हा तेच. अशी केसांची झालर लांबत जाते. मग ती जाळीच्या टोपीवर खालून वर, ओळीवर ओळ, सुईने शिवायची. मी बहुतेक काम जाळीतच बारीक आकड्याने, म्हणजे हुकाने, एकेक गाठ मारून करते, म्हणजे पद्धत वेगळी. पण केसांची मुळं आणि टोकं उलटसुलट होऊ द्यायची नाहीत हा नियम तोच. झाली की त्याचा गुंता सात जन्म सुटत नाही. मी शेजारच्या झुपक्यावर बोट ठेवून, मूळ कुठलं ते कसं ओळखता, असं विचारलं. तिने केस दोन बोटांत धरून हलकेच चोळला, तो एका बाजूला सरकत गेला. मी हसले. मीही तेच करते.

टोप डोक्यावर बसतो त्याचं निम्मं श्रेय मापाला. त्या काळी कागदाची पट्टी घेऊन कपाळापासून मानेपर्यंत, एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत, असं माप घ्यायचं आणि पट्टीवर खाचा पाडायच्या. एका गिऱ्हाइकाची एक पट्टी, वर नाव. गिऱ्हाईक पुन्हा नाही आलं तरी त्याचं डोकं दुकानात राहतं. आणि हो, टोप घालणाऱ्याचं स्वतःचं डोकं बहुतेक तासलेलं असायचं किंवा केस अगदी बारीक कापलेले. म्हणजे टोप विकला की डोकं तासायचं कामही लागून आलंच.

आता जे बघून मी तिथेच स्टूल मागून बसले ते सांगते. कुरळे केस करायचे तर भाजलेल्या मातीच्या छोट्या कांड्या असतात, मधे बारीक, टोकांना जाड. केस त्यांच्यावर ओले गुंडाळायचे, कागद लावायचा, दोऱ्याने आवळायचे. मग पाण्यात तास न् तास उकळायचे. मग वाळवायचे. मग त्या सगळ्या कांड्या कागदात बांधून वर कणकेचं जाड कवच चढवायचं आणि पाववाल्याच्या भट्टीत भाजायचं! नऊ वर्षांचा नातू शेजारी उभा होता. तो म्हणाला, “आजी, केसांचा पाव?” अगदी तेच. कणकेमुळे आच सगळीकडून सारखी लागते, केस करपत नाहीत आणि बसलेला वळ मोडत नाही. मी इतकी वर्षं उकळणं-वाळवणं करते. भट्टीपर्यंत आमच्यात कुणाचं डोकं गेलं नव्हतं.

लोक आत येतात आणि सगळ्यात आधी पांढऱ्या पावडरचं विचारतात. आम्ही तिथे असताना चार जणांनी विचारलं. पावडर होती, स्टार्चची, आणि ती चिकटावी म्हणून आधी चरबीचा सुगंधी लेप लावायचा. पण रोज उठून कुणी पांढरा टोप घालत नसे. या गावातलं खपाऊ काम म्हणजे तपकिरी ‘बॉब’, मानेपाशी संपणारा, मागे शेपूट नसलेला, मूठभर कुरळ्या वळ्यांचा टोप. त्याखेरीज मागे वेणी बांधलेला, किंवा वेणी काळ्या रेशमी पिशवीत घातलेला, किंवा रॅमिली, ज्याच्या लांब वेणीला वर-खाली फिती बांधतात आणि नाव १७०६ च्या एका लढाईवरून पडलंय. सिनेमावाल्यांना पांढरा लागतो कारण लांबून दिसतो. मी स्वतः एका नाटकासाठी इंग्रज अधिकाऱ्यांना पांढरेशुभ्र टोप दिलेत, तेव्हा यात मी कुणाला नावं ठेवणार!

इथपर्यंत दुकान. माझ्या हिशेबी दहापैकी साडेनऊ, आणि अर्धा मार्क मी कुणालाच देत नाही.

मग मी धंद्याचं विचारलं. टोप एवढा वेळखाऊ, मग पैसे कसे मिळायचे? रोख की उधार? बाईने हातातला धागा खाली ठेवला. मला वाटतं हा प्रश्न तिला फार कुणी विचारत नसावं. म्हणाली, चार्लटनची वही आहे की.

एडवर्ड चार्लटन. लंडनहून आलेला, १७५० च्या दशकात इथे बस्तान बसवलेला न्हावी आणि टोपवाला. त्याच्या हिशेबाच्या वहीची काही पानं शिल्लक राहिली आहेत, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीच्या मोजक्या वर्षांची. त्यात गिऱ्हाइकांची नावं आहेत, आणि ती नावं वाचताना कुणाचीही भुवई वर जाईल. थॉमस जेफरसन, पुढचा राष्ट्राध्यक्ष. पॅट्रिक हेन्री, स्वातंत्र्यासाठी गाजलेला वक्ता. पुढे ज्यांची चित्रं भिंतींवर लागली त्या माणसांची आधी न्हाव्याच्या वहीत नोंद आहे.

तर समजा १७७० साली मी विल्यम्सबर्गला कोर्टाच्या कामाला आलेली माणूस आहे आणि चार्लटनच्या दुकानाबद्दल मला मत द्यायचंय. ते मी असं देईन.

सेवा भरपूर. नवा टोप मिळतो, जुना विंचरून, वळवून, ताजा करून मिळतो. दाढी आणि केस यांचं वर्षाचं ठरवता येतं, म्हणजे वस्तरा आणि कंगवा वर्षभर तुमच्या दिमतीला, हिशेब शेवटी. घरच्या बाईला कानामागे लावायला खोट्या बटांची जोडी हवी असेल तर तीही मिळते. फक्त ती नवऱ्याच्या खात्यावर लिहिली जाते. बाईचं नाव ओळीच्या शेवटी, ‘बायकोसाठी’ एवढंच. माझं बिल माझ्या नावावर निघायला किती वर्षं लागली ते आठवलं. असो.

भाव तोंडात बोट घालायला लावणारा. साधा तपकिरी टोप दोन पौंडांच्या वर. पौंड कसा मोजायचा तेही सांगते, कारण मुलाने फोनवर आकडेमोड करून दिली तेव्हा कुठे मला कळलं. १२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आणे-पै बघितलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही, मुलाला लागला. वर व्हर्जिनियाचा पौंड आणि लंडनचा पौंड एक नाही. लंडनच्या १०० पौंडांना इथले १२५ अशी सरकारी तफावत. आणि खिशात दोन्ही नाहीत! नाणं म्हणाल तर बहुतेक स्पॅनिश चांदीचा डॉलर, तो इथे सहा शिलिंगांना चालायचा. वहीत लिहायचं पौंड-शिलिंग, हातात घ्यायची स्पेनच्या राजाची चांदी. असा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला मी आधी नमस्कार करते.

आणि उधारी! सगळा गाव उधारीवर. का, तर मोठी माणसं तंबाखूची शेती करणारी. तंबाखू एकदा कापायचा, एकदा जहाजात भरायचा, विलायतेतल्या व्यापाऱ्याने विकून खात्यावर पैसे मांडायचे. तोवर शेतकरी म्हणा, वकील म्हणा, कुणाच्या हातात रोख नाही. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात, मोठं कोर्ट भरायचं. तेव्हा गाव फुगायचं, खानावळीत एका पलंगावर दोघे-दोघे, आणि त्या दिवसांत जुनी खाती मिटवायची, नवी उघडायची. टोपवाल्याचा हंगामही तोच. कोर्टात उभं राहायचं, गव्हर्नरला भेटायचं, नाचाला जायचं, तर डोकं नीट हवं. नाटकाच्या हंगामात आमची जी धांदल उडते, तीच ही. पण नाटकवाला निदान पहिल्या प्रयोगाला दोन पैसे टेकवतो.

(सगळेच टेकवत नाहीत. एका निर्मात्याकडे आठ ऐतिहासिक टोपांचे माझे पैसे पाच वर्षं अडकलेत. त्याचं नाव इथे लिहीत नाही. माझ्या वहीत लाल शाईने आहे.)

वहीच्या पानाची मांडणी मला फार आवडली. उजव्या-डाव्या दोन बाजू. डावीकडे गिऱ्हाइकाने काय नेलं, प्रत्येक ओळ ‘टू’ या शब्दाने सुरू. उजवीकडे त्याने काय दिलं, प्रत्येक ओळ ‘बाय’ ने. त्या काळी हिशेब असेच लिहायचे. माल नेला, टू. रोख दिली, बाय. डावी बाजू भराभर खाली उतरत जाते, उजवी बराच वेळ कोरी. तसलं पान मी डोळे मिटून ओळखेन.

आता या गिऱ्हाइकांकडे बघा. जेफरसन तेव्हा पंचविशीतला-तिशीतला वकील, तांबूस केसांचा, उंच. पुढे आयुष्यभर दिवसाच्या खर्चाची बारीकसारीक टिपणं ठेवणारा माणूस, एक-एक नाणं कुठे गेलं ते लिहिणारा. आणि मेला तेव्हा त्याच्यावर एक लाख डॉलरच्या वर कर्ज होतं. टिपणं ठेवली म्हणजे पैसे राहतात असं नाही, याचा यापेक्षा मोठा दाखला मला सापडणार नाही. पण न्हावी म्हणून मला असं गिऱ्हाईक चालेल. त्याच्या आणि माझ्या वहीत तफावत निघाली तर निदान बोलता तरी येईल.

हेन्रीची गोष्ट निराळी. त्याच्याबद्दल असं सांगतात की तो तपकिरी टोप घालायचा, त्याची फारशी निगा राखायचा नाही, आणि भाषणाच्या भरात टोप डोक्यावरच गरगर फिरवायचा. हे ऐकून दुकानातल्या बाकी लोकांना मौज वाटली. मला घाम फुटला. भर प्रयोगात असा टोप फिरवणारा एक नट मला माहीत आहे. त्याच्यासाठी कानाच्या वर आतून आणखी दोन फिती शिवाव्या लागतात, आणि दर महिन्याला पुढची कड उसवलेली असते. हेन्रीच्या टोपाची दुरुस्ती ज्याने केली त्याला देश स्वतंत्र करण्याच्या श्रेयात थोडा वाटा हवा, असं मी मुलाला म्हणाले. त्याने ते हसण्यावारी नेलं.

एक गिऱ्हाईक मात्र कुणाच्या टोपांच्या वहीत सापडायचं नाही. जॉर्ज वॉशिंग्टन. त्याने टोप घातलाच नाही. जे दिसतं ते स्वतःचे केस, मागे बांधलेले आणि वर पावडर. नाटकात त्याला टोप चढवणाऱ्या सगळ्या रंगभूषाकारांना, मला धरून, हे कळायला हवं होतं.

पण ज्याच्यावरून सगळं ढासळलं ते गिऱ्हाईक या गावातलं नव्हे, बॉस्टनचं. हे मला दुकानातल्या बाईनेच सांगितलं आणि नंतर सुनेने घरी पडताळून पाहिलं. ५ मार्च १७७०, रात्र, रस्त्यावर बर्फ. जॉन पिमॉन्ट नावाच्या टोपवाल्याकडे शिकाऊ असलेला एडवर्ड गॅरिक हा पोरगा एका इंग्रज अधिकाऱ्यावर ओरडला, की माझ्या मालकाचे पैसे दिले नाहीत. अधिकाऱ्याचं नाव गोल्डफिंच. त्याने पोराकडे लक्षच दिलं नाही, कारण पैसे त्याने खरंच चुकते केले होते. पहाऱ्यावरच्या व्हाइट नावाच्या शिपायाला मात्र तो उद्धटपणा वाटला. त्याने पोराला बंदुकीने मारलं, पोरगा रडला, माणसं जमली, बर्फाचे गोळे, दांडकी, आणखी शिपाई, आणि गोळीबार. पाच माणसं मेली. बॉस्टनचं हत्याकांड म्हणून शाळेत शिकवतात ते हेच.

मी त्या पोराचा विचार करत राहिले. वहीच्या उजव्या बाजूला ‘बाय’ ची ओळ लिहिली गेली होती की नव्हती? मालकाने पैसे घेतले आणि पोराला सांगायचं राहिलं? आमच्याकडेही असं होतं. मालक वसुली करतो, कारागीर दारात जाऊन भांडतो. वसुलीला पोराला पाठवू नये. पाठवलंच तर वही दाखवून पाठवावं.

विल्यम्सबर्गातही टोपवाल्यांचं राजकारणाशी नातं होतं. रिचर्ड चार्लटन, तोही याच धंद्यातला, त्याने कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानसभेच्या इमारतीच्या, जवळ कॉफीहाउस काढलं. १७६५ च्या ऑक्टोबरात स्टॅम्प कायद्याची, म्हणजे इंग्रजांनी कागदांवर बसवलेल्या कराची, कागदपत्रं घेऊन आलेल्या मर्सर नावाच्या अधिकाऱ्याला जमावाने तिथेच गाठलं आणि गव्हर्नर फोकियर ओसरीत बसून बघत होता. आता ते कॉफीहाउस पुन्हा बांधलंय. आम्ही तिथे गेलो, गरम चॉकलेटचा घोट घेतला. दाट, कमी गोड. नातवाने तोंड वाकडं केलं, मी त्याचंही प्यायले.

त्याच वर्षी, १७६५ च्या फेब्रुवारीत, लंडनमधले टोपवाले मोर्चा घेऊन तिसऱ्या जॉर्ज राजाकडे गेले होते. लोक आपापले केस वाढवायला लागलेत, आमचं पोट मारलं जातंय, राजाने काहीतरी करावं. रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलं तर मोर्चातल्या कित्येक टोपवाल्यांच्या डोक्यावर स्वतःचेच केस! मग लोकांनी धरून त्यांचे केस कापले. नंतर थट्टेने सुतारांच्या नावे एक अर्ज निघाला, की राजाने लाकडी पाय वापरावा म्हणजे आमचाही धंदा चालेल. मी खूप हसले. पण स्टुडिओतून काम नसेल त्या महिन्यात माझ्याही डोक्यावर माझेच केस असतात, हे कबूल करून टाकते.

आता जे त्या वहीत नाही त्याबद्दल. विल्यम्सबर्गात तेव्हा अर्ध्याहून जास्त लोकसंख्या काळ्या माणसांची होती, बहुतेक गुलामगिरीत. त्यातल्या कित्येकांना दाढी, केस, टोप हे काम यायचं, इतकं चांगलं यायचं की पळून गेलेल्यांना पकडायच्या ज्या जाहिराती वर्तमानपत्रात छापून यायच्या त्यांत ‘दाढी चांगली करतो, टोप विंचरतो’ असं ओळख पटवायला लिहिलेलं असायचं. वॉशिंग्टनचे ते केस रोज विंचरून, पावडर मारून बांधणारा विल्यम ली हाही गुलामच. वहीची रचना अशी आहे की घेणाऱ्याचं नाव येतं, देणाऱ्याचं, म्हणजे दुकानाचं येतं, पण हात कुणाचे ते लिहायला रकानाच नाही. दाढी एक वर्ष, इतके शिलिंग. ती दाढी कुणी केली? माझ्या वहीतही तो रकाना नाही. माझ्याकडे दोन मुली गाठी मारायला बसतात, पण नाटकाच्या श्रेयनामावलीत माझंच नाव येतं. परत गेल्यावर त्यांची नावं मागच्या पानावर लिहिली. एवढ्याने काही होत नाही, माहीत आहे.

दुकानाच्या फळीवर एक दाढीचं घंगाळ आहे, काठाला अर्धगोल खाच असलेलं, ती गळ्याशी बसते म्हणजे फेस अंगावर ओघळत नाही. नातवाने ते हवेतच गळ्याला लावून बघितलं. न्हावी तेव्हा जळवा लावणं, रक्त काढणं, दात उपटणं असंही करायचे, आणि लंडनमध्ये न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच संस्था होती ती १७४५ मध्ये फुटली. याच्यावर आणखी ऐकायला मला आवडलं असतं, पण दारात शाळेची सहल आली आणि मुलांनी दुकान भरून टाकलं. त्या मुलांना बाईने अंगठ्याएवढी मातीची कांडी दाखवली आणि विचारलं, “ही कशाची असेल?” सगळ्यांनी खाऊचीच नावं घेतली.

जेवायला एका खानावळीत बसलो तिथे पाऊण तास कुणी विचारलं नाही, आणि शेवटी आलेलं सूप निवलेलं. त्याचा दोष मी या गावाला देत नाही.

१७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली आणि वकील, आमदार, कोर्टाची माणसं त्या मागोमाग. चार्लटनच्या धंद्यातली निम्मी डोकी एका निर्णयाने उठून गेली असणार. टोपांची फॅशनही पुढे उतरतच गेली. इंग्लंडात १७९५ मध्ये केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनीचा, म्हणजे २१ शिलिंगांचा, कर बसला आणि लोकांनी पावडरच सोडली. मुलगा गाडीतून परत येताना म्हणाला की राजधानी आता आपण राहतो तिथेच आहे. तो म्हणाला ते खरं आहे, पण तिथे टोपवाला मला दिसला नाही.

जाणार असाल तर काही सूचना. सकाळी लवकर जा, दुपारी सहली येतात. उन्हाळा टाळा, झगे घातलेल्या त्या बाया घामाने निथळत असतील. पावडरचं विचारू नका, कंटाळल्यात. भट्टीचं आणि चार्लटनच्या वहीचं विचारा. पैसे कसे वसूल व्हायचे, किती दिवसांनी व्हायचे, हे विचारा, मग खुर्ची पुढे ओढून बोलतात. माझ्या पर्समध्ये नेहमी एक आकडा असतो, मी तो काढून त्यांच्या जाळीच्या तुकड्यावर एक गाठ मारून दाखवली. तिने माझ्या हातातून आकडा घेतला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. आणि टोप उलटा करून दाखवा म्हणा. दाखवतात.